राखणदाराची साखळी

गोमंतकात 'राखणदार' ह्या शब्दाला एक निराळेच वजन आहे. गावाच्या वेशीवर, एखाद्या जुनाट वृक्षाखाली किंवा कुळागराच्या कडेला ज्याचे स्थान असते आणि जो अदृश्यपणे गावाची राखण करतो, तो राखणदार. वर्षाकाठी त्याला रोट द्यावयाचा असतो. तो द्यावयाचा राहिला तर घरातील वडील माणसांना चैन पडत नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आणखीही एक राखणदार असतो. तो अदृश्य नाही. मागील दारी, गोठ्याच्या खांबाला किंवा परसातील फणसाला तो साखळीने बांधलेला असतो. रात्री पाऊल वाजले की तो भुंकतो, आणि त्याच्या भुंकण्याच्या भरवशावर आपण स्वस्थ झोपतो. ह्या दुसऱ्या राखणदाराला त्याचे देणे मिळते काय, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच स्वतःला विचारतो.

रस्त्यावरील मोकाट कुत्र्यांचा प्रश्न येथे घ्यावयाचा नाही. तो मोठा आहे, निराळा आहे, आणि त्याविषयी न्यायालयांपासून ग्रामसभांपर्यंत सर्वत्र वाद चालू आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून लहान, पण अधिक आपल्या हातातला आहे. ज्याला आपण आपला म्हणतो, ज्याला आपण नाव दिले आहे, त्या घराबाहेर बांधलेल्या कुत्र्याला किती वेळ बांधावे, किती लांब दोरीने बांधावे आणि ऊन-पावसात त्याच्या डोक्यावर काय असावे, ह्याविषयी कायदा काय सांगतो व काय सांगावयाचे राहून जातो, एवढेच येथे पाहू.

आपल्या परंपरेत कुत्र्याला कमी लेखलेले आहे, असे म्हणणे अपुरे होईल. कोंकणीत आपण ज्याला सुणें म्हणतो, तो शब्द जुन्या मराठीतही आहे. दत्तात्रेयाच्या चित्रात त्याच्या पायाशी चार कुत्रे असतात व त्यांना चार वेदांचे रूप मानतात. भैरवाचे वाहन कुत्रा, खंडोबाचा सोबती कुत्रा. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा आपण बालपणीच ऐकतो. महाभारताकडे पाहावे तर त्याच्या आरंभी आणि अखेरीस कुत्रा उभा आहे. आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञस्थानी आलेल्या सरमेच्या पिलाला निष्कारण मारतात. पिलाने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, नजरसुद्धा टाकलेली नसते. त्याची आई सरमा राजाला जाब विचारते, आणि कोणी उत्तर देत नाही तेव्हा शाप देते. शेवटी महाप्रस्थानात सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकण्यास युधिष्ठिर नकार देतो. आश्रयाला आलेल्याचा त्याग करू नये, असा त्याचा युक्तिवाद आहे. पोथीत हे सारे वाचून आपण सद्गदित होतो, आणि मागील दारी जाऊन भाताचे ताट साखळीच्या टोकाशी सरकवितो. पोथी आणि परसू यांच्यामधील हे अंतर अवघ्या दहा पावलांचे असते, परंतु ते तोडणे आपल्याला जड जाते.

बांधलेल्या कुत्र्याचे जगणे प्रत्यक्षात कसे असते, ते पाहण्यास फार लांब जावे लागत नाही. खुंट्याभोवतीची जमीन गवत नाहीसे होऊन उघडी पडलेली असते. तेथेच त्याचे खाणे, तेथेच झोपणे आणि तेथेच मलमूत्र. वास्तविक कुत्रा हा आपल्या बिछान्यापासून दूर जाऊन विधी करणारा प्राणी आहे. ती त्याची स्वच्छतेची जाण साखळी हिरावून घेते. साखळी खांबाला गुंडाळली गेली की चार हातांची एक हात होते, पाण्याचे भांडे लवंडते आणि मग संध्याकाळी कोणी पाहीपर्यंत तो प्राणी पाण्यावाचून राहतो. आपल्याला घाम येतो तसा कुत्र्याला अंगभर येत नाही. त्याला घाम येतो तो पायांच्या तळव्यांना, आणि शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. म्हणूनच वैशाखातील दुपारी पाणी व सावली नसेल तर त्याचा जीव जाण्याचा संभव असतो. गळपट्ट्याखालची कातडी सोलवटते, त्या जखमेत पावसाळ्यात किडे पडतात. गोचिडांपासून तापाची लागण होते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो कुत्र्यालाही होतो आणि घरातील माणसांनाही होतो.

ह्याखेरीज एक अदृश्य दुःख आहे. सुमारे पंधरा हजार वर्षांपासून कुत्रा माणसाच्या संगतीत राहत आला आहे. कळपात राहणाऱ्या लांडग्याचा तो वंशज आहे आणि माणसाचे कुटुंब हाच त्याचा कळप होऊन बसला आहे. त्या कळपाचा आवाज ऐकू यावा, वास यावा, पण त्याच्याजवळ जाता येऊ नये, अशी शिक्षा आपण त्याला नकळत देत असतो. त्याचा स्वभाव चिडखोर होतो तो ह्यामुळे. 'बांधला की कुत्रा तिखट होतो' असे आपल्याकडे म्हणतात, ते खोटे नाही. पण तो तिखटपणा चोराला ओळखून वापरला जातो, ही समजूत खोटी आहे. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना केली होती. अंगणात साखळीने बांधून ठेवलेल्या कुत्र्यांकडून चावा घेतला जाण्याचा संभव इतरांच्या मानाने पावणेतीनपटींहून थोडा अधिक आढळला. तेवढ्यावरून साखळी हेच एकमेव कारण ठरत नाही, हे खरे; चावरा म्हणूनही काही कुत्रे बांधलेले असतील. परंतु चेंडू आणावयास धावत जाणारे मूल आणि पळून जाण्यास वाव नसलेला कुत्रा समोरासमोर आले म्हणजे काय होते, हे समजावयास अभ्यासाचीही गरज नाही. म्हणजे हा प्रश्न केवळ भूतदयेचा नसून आपल्या मुलांच्या सुरक्षिततेचाही आहे.

आता कायद्याकडे वळू. इंग्रजी अमदानीत १८९० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा एक कायदा झाला होता. तो अपुरा आहे हे ओळखून नृत्यकलेच्या थोर उपासक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत एक खाजगी विधेयक मांडले. १९५२ साली त्या सभेवर त्यांची नियुक्ती झाली होती. पंतप्रधान नेहरूंनी सरकार स्वतःच असा कायदा आणील असे आश्वासन दिले, आणि त्यातून १९६० सालचा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा जन्मास आला. त्याखाली १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले व रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९६० साली आपला गोमंतक अजून परकीय सत्तेखाली होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी तो मुक्त झाला आणि पुढे भारतीय संघराज्याचा हा कायदा येथेही चालू लागला.

ह्या कायद्याचे तिसरे कलम सांगते की, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याचे क्षेम राखण्यासाठी आणि त्याला अनावश्यक यातना होऊ नयेत म्हणून सर्व वाजवी उपाय योजणे हे त्याचे कर्तव्य आहे. अकराव्या कलमात क्रूरतेचे प्रकार एकामागून एक सांगितले आहेत. त्यांतील तीन आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने अथवा दोरीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा अपराध आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी प्रमाणात फिरवून न आणणे हा अपराध आहे. मालकाने आपल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न देणे हाही अपराध आहे. ही कलमे वाचली की ज्यांनी ती रचली त्यांच्याविषयी आदर वाटतो. कुत्र्याला फिरवून न आणणे हा गुन्हा मानणारा कायदा आपल्या देशात साठ वर्षांहून अधिक काळ आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

परंतु ह्या कायद्याचे बळ जेथे संपते ती जागाही दाखविली पाहिजे. नागरिकशास्त्राच्या तासाला हे कलम मी एकदा मुलांना वाचून दाखविले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, अवाजवी म्हणजे किती हात?" प्रश्न अगदी नेमका होता, आणि कायद्यात त्याचे उत्तर नाही. लांबी किती, वजन किती, तास किती, ह्यांपैकी कशालाच तेथे माप दिलेले नाही. ज्या शब्दाला माप नाही, त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. मालक म्हणतो, दिवसभर बांधणे वाजवी. शेजारी म्हणतो, अवाजवी. आणि पोलीस म्हणतो, हा तुमचा आपसातला प्रश्न आहे.

दुसरी उणीव दंडाची. अशा पहिल्या अपराधाला त्या कायद्याने ठरविलेला दंड कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच अपराध घडला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपये ही सामान्य कुटुंबाला जाणवणारी रक्कम होती. आज तेवढ्या पैशांत नवी साखळीसुद्धा येत नाही. तिसरी उणीव अशी की, साखळीचा हा अपराध दखलपात्र नाही, म्हणजे पोलिसाला वॉरंटावाचून अटक करता येत नाही. आणि अपराध घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो पुढे दाखल करता येत नाही. मुक्या प्राण्याला फिर्याद करता येत नाही, आणि शेजाऱ्याशी वैर घ्यावयास कोणी धजत नाही. अशा स्थितीत तीन महिने केव्हा निघून जातात ते कळतही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती व जल्लिकट्टू यांविषयीच्या खटल्यात निकाल देताना ह्या तुटपुंज्या शिक्षेकडे लक्ष वेधले होते, आणि संसदेने ती परिणामकारक करावी अशी अपेक्षा व्यक्त केली होती. त्याच निकालात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख आहे: भूक-तहानेपासून मुक्तता, गैरसोयीपासून मुक्तता, दुखापत व रोग यांपासून मुक्तता, भय व क्लेश यांपासून मुक्तता, आणि स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ह्या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. मसुदा म्हणजे कायदा नव्हे. दरम्यान १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे ह्यांसाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ही तरतूद योग्यच आहे. परंतु दोन्ही कायदे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. कुत्र्याला मारून टाकले तर पाच वर्षांपर्यंत कैद. आणि त्याला दहा वर्षे हातभर साखळीला बांधून जगू दिले तर पहिल्या खेपेस पन्नास रुपये!

इतर देशांनी ह्या प्रश्नाला काय उत्तर दिले आहे? ऑस्ट्रियाचा २००५ साली अंमलात आलेला कायदा सर्वांत कडक आहे. कुत्र्याला साखळीने बांधून ठेवता कामा नये, थोड्या वेळापुरतेही नाही, असे तो सांगतो. जर्मनीने २००१ साली एक नियमावली केली. तिच्यात बांधलेल्या कुत्र्याची साखळी निदान सहा मीटर लांबीच्या तारेवर सरकती असावी, असे होते. पुढे २०२२ पासून तेथेही बांधून ठेवण्यास जवळजवळ पूर्ण बंदी आली. घराबाहेर ठेवलेल्या कुत्र्याच्या खोपटाविषयी त्या नियमावलीत फार शहाणपणाची एक गोष्ट आहे. खोपट उष्णतारोधक साहित्याचे व कोरडे असावे, आणि कुत्र्याला आत वळता व निजता यावे इतके मोठे, पण त्याच्या अंगाच्या उबेने ते ऊबदार राहील इतके बेताचे असावे; शिवाय बाहेर सावलीची जागा निराळी असावी. स्वित्झर्लंडमध्ये बांधलेल्या कुत्र्याला दिवसातून निदान पाच तास मोकळे हिंडता आले पाहिजे, आणि उरलेल्या वेळी सरकत्या साखळीवर निदान २० चौरस मीटर जागा मिळाली पाहिजे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. कॅलिफोर्नियात २००७ पासून चोवीस तासांत तीन तासांहून अधिक काळ कुत्र्याला बांधता येत नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या २०१७ च्या कायद्याने ही मर्यादा नऊ तासांची ठेवली. दोरी कुत्र्याच्या लांबीच्या तिप्पट किंवा दहा फूट, यांत जे अधिक असेल तितकी असावी, आणि उष्णता ९० अंश फॅरनहाइटच्या वर किंवा ३२ अंशांच्या खाली गेली तर अर्ध्या तासाहून जास्त बांधू नये, असे सांगितले. ९० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सियस. हा नियम आपल्याकडे लागू केला तर चैत्र-वैशाखातील बहुतेक दुपारी गोमंतकात कुत्रा अर्ध्या तासाहून अधिक वेळ बांधताच येणार नाही.

टेक्सास राज्याचे उदाहरण आणखी बोधप्रद आहे. तेथील जुन्या कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याला प्रथम सूचना देऊन चोवीस तास थांबावे लागे. तहानेने किंवा उन्हाने जो प्राणी तळमळत आहे, त्याच्यासाठी चोवीस तास म्हणजे पुष्कळदा संपूर्ण आयुष्य. २०२१ साली नवे विधेयक संमत झाले, ते राज्यपालांनी नाकारले, विधिमंडळाने ते पुन्हा आणले, आणि १८ जानेवारी २०२२ पासून नवा कायदा चालू झाला. जड साखळ्या त्याने बंद केल्या, निवारा, सावली आणि पाणी आवश्यक ठरविले, आणि चोवीस तासांची ती अट काढून टाकली.

मग आपण ऑस्ट्रियाचा कित्ता गिरवावा काय? माझ्या मते नाही, निदान आज तरी नाही. आपली बहुतेक घरे कुंपणावाचूनची आहेत. सोडलेला कुत्रा हमरस्त्यावर जाऊन वाहनाखाली सापडतो, शेजारच्या कोंबड्या धरतो, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या अंगावर धावतो, किंवा कोणीतरी टाकलेले विष खातो. गरीब घराला चिऱ्यांची गडगा-भिंत बांधणे परवडत नाही. अशा ठिकाणी साखळी सर्वस्वी बंद केली तर लोक कायदा तरी मोडतील, नाहीतर कुत्राच सोडून देतील, आणि सोडून दिलेल्या कुत्र्याचे दुःख बांधलेल्या कुत्र्याहून कमी नसते. म्हणून मला बंदीपेक्षा माप हवे आहे. कायद्यातील 'अवाजवी' ह्या शब्दापुढे आकडे यावेत. दिवसातून किती तासांहून अधिक बांधू नये, ते लिहावे. दोरीची किमान लांबी लिहावी. साखळीचे वजन कुत्र्याच्या वजनाच्या प्रमाणात ठरवावे. निवाऱ्याला जमिनीपासून उंची, कोरडी बैठक आणि छप्पर असावे, असे लिहावे. कडक उन्हाचे आणि वादळी पावसाचे नियम निराळे असावेत. सामान्य निष्काळजीपणाला प्रथम लेखी सूचना आणि मुदत द्यावी. परंतु जेथे प्राण्याच्या जिवाला त्याच क्षणी धोका आहे, तेथे मुदतीचा प्रश्न येऊ नये. आणि दंड असा असावा की साखळी लांब करणे हे दंड भरण्यापेक्षा स्वस्त पडेल.

ह्यावर आक्षेप येतील, आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा की, जेथे माणसांनाच धड निवारा नाही तेथे कुत्र्याच्या निवाऱ्याची चिंता कशाला? हा आक्षेप वरवर मानवतेचा वाटतो. परंतु कुत्र्याला फळीचे खोपट दिल्याने कोणा माणसाचे छप्पर कमी होत नाही. उलट अनुभव असा आहे की, गरिबाच्या झोपडीतला कुत्रा पुष्कळदा माणसांच्या सोबतीने ओसरीवर निजतो, आणि टोलेजंग बंगल्याचा कुत्रा फाटकाशी भिजत असतो. निवारा न मिळण्याचे कारण नेहमी दारिद्र्य असतेच असे नाही. अनेकदा ते केवळ दुर्लक्ष असते. दुसरा आक्षेप, कायद्याने आमच्या परसात का शिरावे? कायदा परसात कधीच शिरला आहे: बैलाच्या मानेवर किती ओझे घालावे, हेही त्याने ठरविलेच आहे. मालकी म्हणजे वाटेल तसे वागविण्याचा परवाना नव्हे, हे तत्त्व १९६० सालीच मान्य झाले आहे. आता फक्त त्याला आकडे जोडावयाचे आहेत. तिसरा आक्षेप राखणीचा. बांधल्यावाचून राखण कशी होणार? राखण होते ती कुत्र्याच्या नाकाने आणि कानांनी. खुंट्याला बांधलेला कुत्रा घराच्या एकाच बाजूला भुंकू शकतो. दुसऱ्या बाजूने येणारा चोर त्याचे भुंकणे ऐकत निवांत काम करू शकतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर विद्यार्थ्यांनी आपल्या गणिताचा उपयोग करून पाहावा. खुंट्याला बांधलेल्या दोरीची लांबी ही त्रिज्या आणि कुत्र्याचे जग हे वर्तुळ. दोरी दीड मीटरची असेल तर त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर होते. खुंटा भिंतीला लागून असेल तर त्याचेही अर्धे, म्हणजे साडेतीन चौरस मीटर. जर्मनीच्या नियमावलीत लहानात लहान कुत्र्याच्या पिंजऱ्यालाही ६ चौरस मीटर जागा लागते! आता दोरी दुप्पट करा, तीन मीटरची करा. क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, चौपट होते: सुमारे २८ चौरस मीटर. दीड मीटर दोरीच्या किमतीत एका जिवाचे जग चौपट होते. भूमितीने इतके पुण्य क्वचितच पदरात टाकले असेल.

बाकीचे उपायही असेच घरगुती आहेत. दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर सरकती कडी बसविली की कुत्र्याला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येते, आणि साखळी गुंडाळण्याचा धोका कमी होतो. खांबांऐवजी माड वापरू नयेत, हे नारळाच्या देशात सांगावयास नको. चार चिऱ्यांवर ठेवलेली फळ्यांची पेटी, तिच्यावर कौले, पावसाच्या झोताकडे पाठ असलेले तोंड, आणि आत ओले राहणाऱ्या गोणपाटाऐवजी कोरडे गवत, एवढ्याने निवारा होतो. पत्र्याचे छप्पर उन्हात तापते; तेच असेल तर वर झावळ्या टाकाव्यात. पाण्याचे भांडे जड दगडी असावे, म्हणजे लवंडणार नाही. गळपट्ट्याखाली दोन बोटे जावीत. सकाळ-संध्याकाळ कोणीतरी त्याला फिरवून आणावे. हे काम घरातील मुलांनी वाटून घेतले तर अभ्यासाचे काही बिघडत नाही. आणि वर्षातून एकदा रेबीजची लस टोचून घेण्यास विसरू नये.

एक सावधगिरीची सूचना. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बांधलेला कुत्रा सोडण्याच्या भरीला मुलांनी पडू नये. तो चावेल, आणि दोष त्याच्या माथी येईल. जेथे स्थिती वाईट दिसते तेथे वडील माणसांना सांगावे. २००१ सालच्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असावयास हवी; तिच्याकडे किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याकडे मोठ्यांकरवी कळवावे. पुष्कळदा तेवढीही गरज पडत नाही. शेजाऱ्याला "तुमचा कुत्रा रात्रभर भिजत होता" असे दोष न देता सांगितले, तर सकाळी त्याच्यावर पत्रा आलेला दिसतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांतून नागरिकांची मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. १९७६ सालच्या घटनादुरुस्तीने ती संविधानात आली आणि त्यांत प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे एक कर्तव्य आहे. परीक्षेत त्याला एक गुण असतो. पण हे कर्तव्य पाठ करून संपणारे नाही, कारण ते रोज दोन वेळा, ऊन असो की पाऊस, मागील दारी जाऊन करावे लागते.

गोमंतकात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. मृगापूर्वी आपण घर शाकारतो, सरपण आत घेतो, पुरुमेंताची बेगमी करतो. त्या कामांच्या यादीत ह्या वर्षी आणखी एक काम लिहावे: मागील दारच्या राखणदाराचे खोपट. ते काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही.